लिनक्सवर प्रोसेसरची झोप आणि धाव कशी मोजतात

लॅपटॉपवर एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही, तरी पंखा फिरतो आहे आणि बॅटरी उतरते आहे, हा अनुभव अनेकांना येतो. ‘टॉप’ हा आदेश चालवून पाहिला तर प्रोसेसर ९७ टक्के रिकामा दिसतो. मग वीज जाते कुठे? या प्रश्नाचे उत्तर ‘टॉप’कडे नसते. प्रोसेसर किती वेळ रिकामा होता एवढेच तो सांगतो. रिकाम्या वेळात प्रोसेसर नुसता डोळे मिटून बसला होता की गाढ झोपला होता, आणि कामाच्या वेळात तो चालत होता की धावत होता, हे समजण्यासाठी वेगळी मोजमापे लागतात. लिनक्समध्ये ती सगळी उपलब्ध आहेत, फक्त कोणता आकडा नेमके काय सांगतो हे माहीत असावे लागते.

या लेखात आदेशांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची असतात.

सी-स्टेट आणि पी-स्टेट

प्रोसेसरच्या अवस्थांचे दोन गट आहेत. प्रोसेसर सूचना पाळत नसतो तेव्हाच्या निष्क्रिय अवस्थांना सी-स्टेट म्हणतात. तो सूचना पाळत असतो तेव्हा कोणत्या वेगाने आणि कोणत्या व्होल्टेजवर चालतो, हे पी-स्टेट सांगते. ही नावे एसीपीआय या प्रमाणप्रणालीतून रूढ झाली. तिची पहिली आवृत्ती इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केली.

सी० म्हणजे जागेपण. पी-स्टेटला अर्थ असतो तो फक्त सी० मध्ये, कारण झोपलेल्याचा वेग विचारण्यात अर्थ नाही. सी१ मध्ये कोअरचे घड्याळ थांबते, पण बाकी सगळे जागच्या जागी राहते. सी१ई मध्ये त्याबरोबर व्होल्टेज आणि वारंवारताही खाली आणली जाते. सी६ मध्ये कोअर आपली सगळी माहिती बाजूच्या छोट्या स्मृतीत ठेवतो आणि त्याचा वीजपुरवठा जवळजवळ तोडला जातो. आकडा जितका मोठा तितकी झोप गाढ, वीज कमी, आणि उठायला लागणारा वेळ जास्त.

हा वेळ किती असतो? इंटेलच्या २०१५ मधल्या स्कायलेक पिढीच्या लॅपटॉप आणि डेस्कटॉप प्रोसेसरसाठी लिनक्सच्या ‘इंटेल-आयडल’ ड्रायव्हरमध्ये दोन-दोन आकडे नोंदलेले आहेत. पहिला उठण्याचा विलंब आणि दुसरा किमान मुक्काम, दोन्ही मायक्रोसेकंदांत :

- सी१ : विलंब २, किमान मुक्काम २
- सी१ई : विलंब १०, किमान मुक्काम २०
- सी३ : विलंब ७०, किमान मुक्काम १००
- सी६ : विलंब ८५, किमान मुक्काम २००
- सी८ : विलंब २००, किमान मुक्काम ८००
- सी१० : विलंब ८९०, किमान मुक्काम ५०००

किमान मुक्काम हा आकडा महत्त्वाचा आहे. गाढ झोपेत शिरायला आणि तीतून बाहेर यायलाही ऊर्जा लागते. मुक्काम त्याहून कमी झाला तर बचत होण्याऐवजी खर्चच वाढतो. पाच मिनिटांच्या डुलकीसाठी कोणी गादी घालून मच्छरदाणी लावत नाही, तसेच हे आहे.

कोणती झोप घ्यायची हे कोण ठरवते

एखाद्या कोअरला करण्यासारखे काही उरले नाही की लिनक्स कर्नल ‘सीपीयूआयडल’ या उपप्रणालीला विचारतो. ही उपप्रणाली २.६.२४ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. तिच्यातला ‘गव्हर्नर’ अंदाज बांधतो की पुढचे काम किती वेळाने येईल. पुढचा टायमर कधी वाजणार आहे आणि अलीकडच्या झोपा किती टिकल्या, या दोन गोष्टींवर तो अंदाज उभा असतो. ‘मेन्यू’ हा गव्हर्नर बहुतेक ठिकाणी दिसतो. टायमरवर अधिक भर देणारा ‘टीईओ’ २०१९ मध्ये ५.१ या आवृत्तीत आला.

पूर्वी कर्नल ठरावीक काळाने प्रत्येक कोअरला टिचकी मारून उठवत असे. सेकंदाला २५० टिचक्या म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी एक. वरच्या यादीतल्या सी१० चा किमान मुक्काम ५ मिलिसेकंदांचा आहे. म्हणजे ती टिचकी चालू असती तर सर्वांत गाढ झोप कधीच परवडली नसती. २००७ च्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकाम्या कोअरची ही टिचकी थांबवण्याची सोय झाली, आणि त्यानंतरच गाढ झोपेला खरा अर्थ आला.

पहिली पायरी : कर्नलची स्वतःची नोंदवही

काहीही नवे न बसवता पाहता येणारी माहिती ‘सिस’ या फाइलप्रणालीत असते. तिथे डिव्हायसेस, सिस्टम, सीपीयू, सीपीयू०, सीपीयूआयडल अशा क्रमाने उतरत गेले की ‘स्टेट०’, ‘स्टेट१’ अशा निर्देशिका दिसतात. प्रत्येक निर्देशिका म्हणजे एक झोप. तिच्यातल्या मुख्य फाइली अशा :

- नेम : अवस्थेचे नाव
- लेटन्सी : उठण्याचा विलंब, मायक्रोसेकंदांत
- रेसिडेन्सी : किमान मुक्काम, मायक्रोसेकंदांत
- युसेज : ही अवस्था किती वेळा मागितली गेली
- टाइम : तिच्यात एकूण किती मायक्रोसेकंद गेले
- अबव्ह : झोप अपेक्षेपेक्षा लवकर मोडली, म्हणजे इतकी गाढ अवस्था मागायला नको होती, असे किती वेळा झाले
- बिलो : झोप लांबली, म्हणजे याहून गाढ अवस्था चालली असती, असे किती वेळा झाले

‘स्टेट०’चे नाव बहुधा ‘पोल’ असते. ती झोप नसतेच. कोअर जागच्या जागी गिरक्या घेत कामाची वाट पाहतो. एकदा वाचलेला आकडा संगणक सुरू झाल्यापासूनचा असतो, म्हणून मोजमाप करताना दोन वेळा वाचून वजाबाकी करावी लागते. दहा सेकंदांच्या अंतराने ‘टाइम’ ८५,००,००० ने वाढला असेल तर तो कोअर त्या काळात ८५ टक्के वेळ त्या अवस्थेत होता, असे कर्नलचे म्हणणे आहे.

‘टाइम’मधला वेळ भागिले ‘युसेज’मधली संख्या केल्यास सरासरी झोप किती टिकली हे कळते. ती त्या अवस्थेच्या किमान मुक्कामाच्या आसपासच घुटमळत असेल, तर कोणीतरी कोअरला सारखे उठवत आहे. हीच माहिती ‘सीपीयूपॉवर आयडल-इन्फो’ हा आदेश एकत्र मांडून दाखवतो.

मागितलेली झोप आणि मिळालेली झोप

इथे सर्वांत जास्त फसगत होते. कर्नलची नोंद म्हणजे कर्नलने काय मागितले याची नोंद. ‘सी६ मध्ये जा’ अशी विनंती केल्यापासून कोअर पुन्हा जागा होईपर्यंतचा वेळ कर्नल सी६ च्या खात्यावर टाकतो. मधल्या काळात हार्डवेअरने खरोखर काय केले, हे त्याला दिसत नाही. प्रोसेसर ती विनंती डावलून सी१ वरच थांबलेला असू शकतो. एकाच कोअरवर दोन हार्डवेअर थ्रेड असतील तर एक जागा असेपर्यंत कोअर गाढ झोपू शकत नाही, मग दुसऱ्याने काहीही मागितलेले असो.

खरे उत्तर प्रोसेसरमधल्या मोजणीयंत्रांत असते. इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये सी३, सी६, सी७ अशा कोअर-अवस्थांसाठी आणि संपूर्ण चिपच्या, म्हणजे पॅकेजच्या, अवस्थांसाठी वेगवेगळी मोजणीयंत्रे असतात. ती प्रोसेसरच्या अखंड चालणाऱ्या टीएससी घड्याळाच्या गतीने पुढे सरकतात. म्हणून सी६ च्या मोजणीयंत्रातली वाढ भागिले टीएससीमधली वाढ हा त्या अवस्थेत खरोखर गेलेल्या वेळाचा वाटा होतो.

हे काम ‘टर्बोस्टॅट’ करतो. तो कर्नलच्या मूळ संहितेबरोबरच येतो, चालवण्यासाठी रूटचे अधिकार लागतात, आणि काही सांगितले नाही तर दर ५ सेकंदांनी तक्ता छापतो. त्यातले दोन स्तंभ नीट वेगळे ओळखावेत. ‘सी६%’ हा कर्नलने मागितलेला वाटा असतो. ‘सीपीयू%सी६’ हा हार्डवेअरने मोजलेला वाटा असतो. पहिला ९० आणि दुसरा २० असेल, तर कर्नल झोपवायला तयार आहे पण हार्डवेअर झोपत नाही. मग कारण बायोसमधल्या मर्यादेत किंवा शेजारच्या थ्रेडमध्ये शोधावे लागते. दोन्ही कमी असतील तर दोष सतत उठवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे किंवा यंत्रणेतल्या व्यत्ययांकडे जातो. एवढ्या एका तुलनेने शोधाची दिशा ठरते.

‘सीपीयू%सी१’ हा आकडा मात्र थोडा सांभाळून वाचावा. सी१ साठी अनेक प्रोसेसरांत स्वतंत्र मोजणीयंत्र नसते. एकूण वेळातून जागेपण आणि बाकीच्या अवस्था वजा करून जे उरते ते सी१ च्या नावावर जाते.

वेग मोजण्याचे गणित

पी-स्टेटच्या बाबतीतही मागणी आणि वास्तव यांत असाच फरक आहे. कर्नलने मागितलेला वेग उष्णतेमुळे, वीजमर्यादेमुळे किंवा टर्बोमुळे जसाच्या तसा मिळेलच असे नाही. स्कायलेकपासूनच्या इंटेल प्रोसेसरांत तर नेमका वेग हार्डवेअरच ठरवू शकतो. कर्नल फक्त मर्यादा आणि कल सांगतो.

खरा वेग काढण्यासाठी एपर्फ आणि एमपर्फ ही दोन मोजणीयंत्रे वापरतात. दोन्ही फक्त सी० मध्ये चालतात. एमपर्फ ठरावीक मूळ वेगाने पुढे जाते, एपर्फ प्रत्यक्ष वेगाने. दोहोंचे गुणोत्तर गुणिले मूळ वेग म्हणजे जागेपणीचा सरासरी वेग.

समजा, मूळ वेग २००० मेगाहर्ट्झ आहे आणि ५ सेकंद मोजणी केली. टीएससी १००० कोटींनी वाढले, एमपर्फ २०० कोटींनी आणि एपर्फ ३०० कोटींनी. एमपर्फ भागिले टीएससी म्हणजे २० टक्के. इतका वेळ कोअर जागा होता. ३०० भागिले २०० म्हणजे दीड. म्हणून जागेपणीचा वेग ३००० मेगाहर्ट्झ. पूर्ण ५ सेकंदांवर पसरवला तर सरासरी ६०० मेगाहर्ट्झ. टर्बोस्टॅटमध्ये हेच तीन आकडे ‘बिझी%’, ‘बिझी मेगाहर्ट्झ’ आणि ‘ॲव्हरेज मेगाहर्ट्झ’ या स्तंभांत येतात. ‘टॉप’मध्ये दिसणारा २० टक्के भार या तीनपैकी फक्त पहिल्याशी जुळतो. तोच २० टक्के भार ८०० मेगाहर्ट्झवर असेल तर प्रत्यक्ष काम पावपटीच्या आसपासच झालेले असते.

कोणता ड्रायव्हर आणि गव्हर्नर वेग ठरवतो आहे हे ‘सीपीयूपॉवर फ्रिक्वेन्सी-इन्फो’ सांगतो. नावावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. ‘इंटेल-पीस्टेट’ या ड्रायव्हरच्या सक्रिय पद्धतीत ‘पॉवरसेव्ह’ हा गव्हर्नर भाराप्रमाणे वेग वाढवतो. इतर ड्रायव्हरांबरोबरचा त्याच नावाचा गव्हर्नर वेग सर्वांत खाली धरून ठेवतो. ‘पॉवरसेव्ह’ दिसले म्हणून संगणक मुद्दाम हळू ठेवला आहे, असा समज त्यामुळे अनेकदा चुकीचा ठरतो.

पॅकेजची झोप आणि वॉटचा हिशेब

एकेक कोअर झोपला तरी सगळी बचत मिळत नाही. स्मृती-नियंत्रक, सामाईक कॅश, अंतर्गत जोडण्या हे सगळे चिपवर असतेच. सर्व कोअर झोपले आणि जोडलेल्या उपकरणांनीही विलंब सोसण्याची तयारी दाखवली, तरच पूर्ण पॅकेज गाढ अवस्थेत जाते. टर्बोस्टॅटमध्ये ‘पॅकेज%’ने सुरू होणारे स्तंभ ते दाखवतात. कोअरची सी-स्टेट उत्तम आणि पॅकेजची शून्य, हे चित्र लॅपटॉपवर दिसले तर बोट बहुधा एखाद्या उपकरणाकडे जाते : वीजबचत बंद असलेली डिस्क, नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी साधन.

वीज किती गेली हे इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिजपासून ‘रॅपल’ या सोयीने कळते. कर्नलच्या ‘पॉवरकॅप’ विभागात ‘एनर्जी-यूजे’ ही फाइल मायक्रोज्यूलमध्ये आकडा देते. ६० सेकंदांत तो १८ कोटींनी वाढला तर १८० ज्यूल खर्च झाले, म्हणजे ३ वॉट. ही मोजणी ३२ बिटांची असल्याने ठरावीक आकड्यानंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते. एक एकक सुमारे ६१ मायक्रोज्यूलचे असेल तर २,६२,१४४ ज्यूलनंतर फेरी पूर्ण होते. सतत ६० वॉटचा खर्च असल्यास हे सुमारे ७३ मिनिटांत घडते. रात्रभराची मोजणी फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा घेऊन केली तर ती त्यामुळे साफ चुकते.

ही फाइल पूर्वी कोणालाही वाचता येत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘प्लॅटिपस’ हे संशोधन जाहीर झाले. विजेच्या बारीक चढउतारांवरून गुप्त किल्ल्यांचा अंदाज बांधता येतो, हे त्यात दाखवले होते. त्यानंतर लिनक्समध्ये ती वाचण्यासाठी रूटचे अधिकार आवश्यक झाले.

झोपमोड कोण करते

झोप मोडणारा शोधायचा तर ‘पॉवरटॉप’ उपयोगी पडतो. इंटेलने तो २००७ मध्ये आणला. कोणता प्रोग्रॅम, टायमर किंवा व्यत्यय सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो याची उतरत्या क्रमाने यादी तो देतो. एखादा प्रोग्रॅम सेकंदाला १००० वेळा उठवत असेल तर त्या कोअरच्या दोन झोपांमधले अंतर सरासरी १ मिलिसेकंदही उरत नाही. मग सी१० विसरायची. प्रत्येक उठण्यात काम अगदी थोडे असल्यामुळे ‘टॉप’मध्ये हा प्रोग्रॅम निरुपद्रवी दिसतो. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

त्याहून बारीक तपशील हवा असेल तर ‘पर्फ’ने ‘सीपीयू-आयडल’ या घटनेची नोंद घेता येते. त्या नोंदीत अवस्थेच्या जागी ४२९४९६७२९५ असा विचित्र आकडा दिसतो. तो बिघाड नसतो. कोअर झोपेतून बाहेर आल्याची ती खूण आहे; उणे एक हा आकडा ३२ बिटांत चिन्हाशिवाय छापला की असा दिसतो.

मोजताना होणाऱ्या चुका

पहिली चूक मोजणाराच करतो. दर दहाव्या मिलिसेकंदाला आकडे वाचणारी स्क्रिप्ट स्वतःच प्रोसेसरला झोपू देत नाही. झोपलेल्या माणसाला ‘झोप लागली का’ असे विचारण्यासारखेच ते असते. वाचनातले अंतर काही सेकंदांचे ठेवावे, पडद्यावर सतत हलणारा ग्राफ बंद करावा आणि निकाल फाइलमध्ये लिहावा.

दुसरी चूक आभासी यंत्रात मोजण्याची. तिथे ही मोजणीयंत्रे सहसा मिळत नाहीत, आणि जे दिसते ते यजमान संगणकाचे वास्तव नसते. तिसरी चूक नावांची. एसीपीआयने कळवलेली सी२ किंवा सी३ आणि हार्डवेअरच्या पुस्तिकेतली सी३ किंवा सी६ ही नावे एकास एक जुळतीलच असे नाही. म्हणून नावापेक्षा विलंबाचा आकडा पाहावा. चौथी चूक म्हणजे चार्जर लावून घेतलेले आकडे बॅटरीवरच्या आकड्यांशी ताडून पाहणे. दोन्ही वेळी वीजधोरण वेगळे असू शकते.

झोप रोखावी का

सी१० मधून उठायला ८९० मायक्रोसेकंद लागतात, ही गोष्ट लॅपटॉपवर कोणाला जाणवत नाही. थेट ध्वनिमुद्रणात किंवा जलद प्रतिसाद देण्याचे बंधन असलेल्या सर्व्हरवर मात्र ती जाणवू शकते. अशा ठिकाणी संपूर्ण यंत्राची झोप उडवण्याची गरज नसते. ‘डेव्ह’मधल्या ‘सीपीयू-डीएमए-लेटन्सी’ या फाइलमध्ये प्रोग्रॅमने सोसवेल तेवढा विलंब लिहिला आणि फाइल उघडी ठेवली, की कर्नल त्याहून मंद अवस्था टाळतो. फाइल बंद होताच बंधन आपोआप सुटते. तात्पुरत्या प्रयोगासाठी एखाद्या अवस्थेच्या ‘डिसेबल’ फाइलमध्ये १ लिहिले तरी चालते.

संगणक सुरू होतानाच ‘मॅक्स-सीस्टेट’ची मर्यादा १ वर बांधणे हा शेवटचा उपाय. इंटेलच्या बे ट्रेल प्रोसेसरांवरचे संगणक लिनक्समध्ये अचानक गोठत असत, तेव्हा बराच काळ हाच उपाय सुचवला जात होता. गोठणे थांबे, पण बॅटरी लवकर संपे. आजही तो सल्ला कारण न तपासता इतर संगणकांना दिला जातो आणि तिथे फक्त तोटाच पदरी पडतो.

म्हणून बदल करण्याआधी क्रम पाळावा. आधी काही मिनिटे यंत्र मोकळे ठेवून टर्बोस्टॅटची नोंद घ्यावी. मागितलेली आणि मिळालेली झोप ताडून पाहावी. पॅकेजची अवस्था आणि वॉट पाहावेत. पॉवरटॉपने झोपमोड करणारा शोधावा. मग एका वेळी एकच बदल करावा आणि तीच मोजणी तेवढ्याच वेळासाठी पुन्हा करावी. आकडा हलला नाही, तर तो बदल मागे घ्यावा.